सोयरिकीच्या भीतीने झाकलेला आजार



आनुवंशिक स्नायुक्षय, म्हणजेच मस्क्युलर डिस्ट्रॉफी, देशात किती जणांना आहे, या प्रश्नाला एका सरासरी आकड्याने पुरेसे उत्तर मिळत नाही. ‘डुशेन’ हा प्रकार जगभरात साधारणतः साडेतीन ते पाच हजार नवजात मुलग्यांमागे एकास होतो. मूल वारंवार पडते, मांड्यांवर हात टेकून उठते आणि बहुधा बाराव्या वर्षापर्यंत त्याचे चालणे थांबते. हा दोष मातेकडून येऊ शकतो; तथापि सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो. सुनेला बोल लावणे हे अज्ञान होय.

कंबर व खांद्यांचे स्नायू झिजविणारा दुसरा प्रकार सर्वत्र सारखा आढळत नाही. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर यांचा सहभाग असलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अगरवाल समाजातील रुग्णांत पूर्वजांपासून चालत आलेले दोन ठरावीक जनुकीय दोष दिसून आले. ज्ञातीअंतर्गत विवाहांमुळे असे दोष समाजातच फिरत राहतात. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास २५ टक्के धोका संभवतो.

विवाहापूर्वी रक्ततपासणीचे महत्त्व गोंदिया जिल्ह्याला सिकलसेलने शिकविलेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायुक्षयाचाही समावेश आहे. परंतु सोयरीक मोडेल या भीतीने झाकून ठेवलेला रुग्ण ना गणनेत येतो, ना साहाय्यास पात्र ठरतो. समाजाने प्रथम ही भीती दूर करावी.