जुनी गाडी: दुरुस्त करू की बदलू?

आज थेट हिशोब. आमची पेट्रोल हॅचबॅक १४ वर्षांची, मीटर १ लाख ३० हजार. क्लच, सस्पेन्शन, एसी कॉम्प्रेसर मिळून मेकॅनिकने ४२ हजारांचं एस्टिमेट दिलं. घरचे म्हणाले, "एवढ्यात नवीन गाडीचं डाउन पेमेंट होईल."

होईल की! पण पुढे? ७ लाखांचं कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं: महिन्याला साधारण साडेचौदा हजार ईएमआय. म्हणजे ४२ हजारांत तीन हप्तेसुद्धा निघत नाहीत. बिलाची तुलना गाडी विकून येणाऱ्या पैशांशी करू नका, ती पुढे किती महिने चालेल त्याच्याशी करा.

प्रश्न फक्त पैशांचा नाहीये. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं असतं, गाडी वाटेत बंद पडून चालणारच नाही. म्हणून मेकॅनिकला दोनच गोष्टी विचारल्या: इंजिन ऑइल खातंय का? खालून पत्रा गंजलाय का? क्लच, सस्पेन्शन झिजणारच. बदलले की काम झालं. पण इंजिन थकलं, चेसिस गंजली, की खर्चाला अंत नाही.

आमचं दोन्ही ठीक निघालं, म्हणून दुरुस्त करतोय. पुढच्या वर्षी आरसीची १५ वर्षं संपतील. तेव्हा आरटीओत गाडीची तपासणी, नूतनीकरणाची फी, वर पर्यावरण कर. मग ५ वर्षं मिळतात. तेही हिशोबात धरलंय.

वर्षभराचा दुरुस्तीखर्च सहा हप्त्यांच्या वर गेला, किंवा आई गाडीत असताना ती एकदा जरी बंद पडली, तर मात्र निरोप. तुम्हीही आधी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा, शोरूम नंतर!