मोजणी कोठून करावी ?

शिरवळ हें गांव पुणें-सातारा रस्त्यावर नीरेच्या कांठीं वसलें आहे. अलीकडे सातारा जिल्हा, नदीपलीकडे पुणें. सुभानमंगळ ह्या भुईकोटामुळें इतिहासांत त्याचें नांव आहे. अलीकडच्या वर्षांत मात्र महामार्ग रुंद झाला, कारखाने आले, आणि जमिनीच्या हद्दी हा तेथील नित्याच्या बोलण्याचा विषय होऊन बसला. अशा ह्या गांवांतून पुण्यास शिकावयास जाणारी एक विद्यार्थिनी श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. ती कल्पित आहे; तिच्यापुढील अडचण मात्र खरी असून तिनें अनेकांच्या रात्री खर्ची घातल्या आहेत.

संगणकाचा नवा प्रोसेसर घडविण्यापूर्वीं तो कसा चालेल हें दुसऱ्या संगणकावर त्याची नक्कल करून पाहतां येतें. ह्या कामीं संशोधक वापरतात तो जेम-फाइव्ह नांवाचा सिम्युलेटर अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचा जेम्स ह्या दोन प्रकल्पांच्या संगमांतून निघाला, व त्याची माहिती देणारा निबंध 2011 सालीं प्रसिद्ध झाला. तो कोणासहि विनामूल्य मिळतो. किंमत मोजावी लागते ती वेळाची. नकली यंत्राचा एक सेकंद तपशीलवार चालवून पाहण्यास खऱ्या घड्याळाचे कित्येक तास, प्रसंगीं दिवसहि लागतात.

नकली यंत्रास तबकडीहि नकलीच लागते. ती म्हणजे एक भली मोठी फाइल. तिला डिस्क इमेज म्हणतात. यंत्र सुरू होण्यास लागणारी सारी प्रणाली आणि ज्यांची परीक्षा घ्यावयाची ते प्रोग्राम तिच्यांत भरावयाचे असतात. हें काम हातानें पुनःपुन्हां करण्यापेक्षां आज्ञा एकाखालीं एक लिहून ठेवतात व ती यादी शेलच्या स्वाधीन करतात. बेल प्रयोगशाळेंतील स्टीफन बोर्न ह्यांचा शेल 1979 सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. आजच्या शेल स्क्रिप्टा बहुतांशीं त्याच वळणाच्या आहेत.

विद्यार्थिनीस अशी एक स्क्रिप्ट पूर्वींच्या विद्यार्थ्यांकडून वारशानें मिळाली होती. इमेज एका रिकाम्या फोल्डरवर जोडावी, त्यांत प्रोग्रामची नक्कल करावी, इमेज सोडवावी, आणि शेवटीं ‘तयार’ असें छापावें, एवढाच तिचा कारभार. नव्या इमेजवर ती चालविली. ‘तयार’ असें उत्तर आलें. सिम्युलेटर रात्रभर चालला, नकली यंत्र व्यवस्थित जागें झालें, आणि सकाळीं पडद्यावर एकच ओळ होती : अशी फाइल नाहीं. प्रबंध सादर करण्यास तीन आठवडे उरले होते.

प्रथम संशय सिम्युलेटरवर गेला. मोठ्या व अपरिचित वस्तूवर तो आधीं जातो, हा मनुष्यस्वभाव आहे. दोन रात्री त्यांत गेल्या. तिसऱ्या दिवशीं तो रिकामा फोल्डर तिनें सहज उघडला, तर तो रिकामा नव्हता. इमेज जोडलेली नसतांनाहि सारे प्रोग्राम तेथें, तिच्या स्वतःच्या संगणकाच्या तबकडीवर, पडून होते. म्हणजे इमेज जोडलीच गेली नव्हती, आणि नक्कल भलत्याच घरांत उतरली होती. वर सरकवून पाहतां अयशस्वी जोडणीचा संदेशहि सांपडला. शेल आपण होऊन थांबत नाहीं. एक आज्ञा फसली तरी तो निमूटपणें पुढच्या आज्ञेस लागतो. ‘तयार’ हा शब्द खालीं लिहिलेला होता म्हणून छापला गेला, इतकाच त्याचा अर्थ.

संदेश सांगत होता कीं फाइल-व्यवस्थेचा प्रकार चुकीचा आहे, किंवा तिचा मुख्य खंड बिघडला आहे. येथें खरा धोका होता. इमेज बिघडली असें समजून कोणी त्याच जागेपासून नवी फाइल-व्यवस्था उभारली असती, तर धडधाकट इमेज पुसली गेली असती आणि तींतील कित्येक दिवसांचें काम बुडालें असतें. पण बिघडलेल्या इमेजवरून नकली यंत्र रात्रीं जागें झालें कसें ? ह्या प्रश्नानेंच तिचा हात आवरला.

तिचे आजोबा मोजणी खात्यांतून निवृत्त झालेले. जेवतांना नातीचें गाऱ्हाणें त्यांनीं ऐकून घेतलें. संगणकांतलें त्यांना कांहीं कळत नव्हतें, त्यांनीं विचारलें, “अगं, पण हें अंतर तुम्ही मोजतां कुठनं?”

स्क्रिप्टमध्यें एक आंकडा होता : 32256. तबकडीचे 512 बाइटांचे भाग असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. पूर्वीं पहिला विभाग 63 सेक्टर सोडून सुरू करीत, आणि 63 गुणिले 512 म्हणजे 32256. पुढें 4096 बाइटांचे सेक्टर असलेल्या तबकड्या आल्या. त्यांच्याशीं मेळ बसावा म्हणून नवीं साधनें 2048 सेक्टर, म्हणजे 1048576 बाइट, सोडूं लागलीं. नवी इमेज अशा साधनानें आंखलेली होती. फाइल-व्यवस्थेचा मुख्य खंड विभागाच्या आरंभापासून 1024 बाइटांवर असतो व त्यांत हद्दीच्या दगडासारखी दोन बाइटांची ठराविक खूण असते. स्क्रिप्ट जुन्या जागीं गेली, तिला खूण दिसली नाहीं, आणि तिनें बिघाड झाल्याचें सांगितलें. नकली यंत्र मात्र विभागांचा तक्ता वाचून थेट योग्य ठिकाणीं पोंचलें होतें.

“रस्ता रुंद झाला आन् कडेपासून धरलेली सगळी मापं चुकली,” आजोबा म्हणाले. “नकाशा काढ आधीं.”

नकाशा इमेजच्या आरंभींच होता. विभागांचा तक्ता दाखविणारी आज्ञा तिनें चालविली, आरंभ 2048. स्क्रिप्टमधील आंकडा बदलून त्या दिवसापुरतें भागलें असतें. तिनें तो आंकडाच काढून टाकला, आणि तक्ता स्वतः वाचून विभाग जोडणाऱ्या लूप साधनाच्या हवालीं तें काम केलें. स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘सेट उणे ई’ ही आज्ञा घातली, जेणेंकरून एक पाऊल चुकतांच शेल थांबावा. ही आज्ञा सर्वत्र पुरी पडत नाहीं. पाइपनें जोडलेल्या आज्ञांपैकीं आधींची फसली तर ती तिच्या नजरेंतून सुटते, त्यासाठीं ‘पाइपफेल’ हा निराळा पर्याय लागतो. म्हणून इमेज खरोखर जोडली गेली कीं नाहीं ह्याची वेगळी तपासणी तिनें नकलेच्या आधीं ठेवली.

मग तिनें आपल्या तबकडीवर चुकून उतरलेले प्रोग्राम हटविले, स्क्रिप्ट पुन्हां चालविली, आणि ‘तयार’ ह्या शब्दावर विसंबून न राहतां इमेज पुन्हां जोडून आंत फाइली मोजल्या. त्या पुऱ्या भरल्या. रात्रीं दहाच्या सुमारास तिनें सिम्युलेटर सुरू केला.