रहस्यकथेचा कायदा ऐतिहासिक कादंबरीलाही लावा



देवकीनंदन खत्रींनी ज्या काशीत ‘चंद्रकांता’ ही कादंबरी लिहिली, त्याच काशीत आज मी भांडायला उभा आहे. आपल्या समीक्षकांनी ऐतिहासिक प्रेमकादंबरीला मानाचा पाट दिला आणि रहस्यकथेला ओसरीवर बसवले. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, घराघरांत वाचनाची गोडी लावली. पण त्यांचे नाव निघते ते संख्येच्या कौतुकापुरते. हा पंक्तिप्रपंच मला मान्य नाही. वाचकाशी प्रामाणिक राहण्याची शिस्त रहस्यकथेने सांभाळली आहे, आणि ऐतिहासिक कादंबरीने ती तिच्याकडून घ्यावी, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

‘चंद्रकांता’च पाहा. खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते; तिथले पडके किल्ले आणि दऱ्याखोरी त्यांच्या पायाखालची होती. कादंबरीतला ऐयार, म्हणजे वेषांतरात तरबेज हेर, तेजसिंह याच्या बटव्यात शत्रूला बेशुद्ध करणारी पूड असते, तसा शुद्धीवर आणणारा लखलखाही असतो. ऐयाराने ऐयाराचा जीव घ्यायचा नाही, हा दंडक असतो. तिलिस्म, म्हणजे मायावी भूलभुलैया, ठरलेल्याच माणसाच्या हातून तुटते. सगळे अद्भुत, पण नियम आधीच उघड केलेले. लेखक ऐनवेळी खिशातून भलतेच काही काढत नाही.

आता ऐतिहासिक कादंबरीकडे, बाजीराव पेशव्याच्या मस्तानीकडे, वळू. ना. सं. इनामदारांची तिच्यावरची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली आणि त्या कादंबरीवर २०१५ साली चित्रपट निघाला. १७४० च्या जानेवारीत मस्तानी पुण्यात नजरकैदेत होती, बाजीराव निजामपुत्र नासिरजंगावरच्या मोहिमेत होता. २८ एप्रिलला तो रावेरखेडीला वारला आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. ती कशाने गेली, याचा खात्रीचा कागद नाही. रहस्यकथेतला मृत्यू असता तर वाचकाने पुरावा मागितला असता. इथे मात्र विष, विरह, जे हाती येईल ते आपण डोळे पुसत मान्य करतो, आणि पुढे तेच इतिहास म्हणून मुलांना सांगतो.

कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य नको का, असे मला विचारले जाईल. हवेच. पण कागद कुठे संपला आणि कल्पना कुठे सुरू झाली, हे त्याने सांगावे. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत उत्कंठा कशी राहणार, हा दुसरा आक्षेप ‘स्वामी’ या कादंबरीनेच खोटा पाडला आहे. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारणार आणि त्यांची पत्नी रमाबाई सती जाणार, हे माहीत असूनही वाचक पुस्तक खाली ठेवत नाही. माणसे अशी का वागली, हा प्रश्न पुरेसा ओढ लावतो. त्यासाठी दस्तऐवजाची मोडतोड करावी लागत नाही. राहिला भावना दुखावण्याचा मुद्दा. पूर्वजांविषयी खरे बोलण्याने ज्यांची श्रद्धा हलते, त्यांच्या सोयीसाठी वाङ्मय चालवता येणार नाही.

मणिकर्णिका, झाशीची राणी, याच काशीत जन्मली. तिचे जन्मसाल १८२८ की १८३५, याचाही वाद मिटलेला नाही. म्हणून माझे मागणे एवढेच: तिच्यावर नवी कादंबरी येईल तेव्हा आधी शेवटची पाने उघडा. खरे काय आणि रचलेले काय याची टीप तिथे नसेल, तर आपल्या ग्रंथालयासाठी ते पुस्तक घेण्याआधी प्रकाशकाला पत्र लिहून ती मागा.