नोकरीतून डॉक्टरेटकडे

सौंसरच्या एखाद्या बँकेत, बाजार समितीत वा बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या माणसाने व्यवसाय-व्यवस्थापनात डॉक्टरेट करण्याचे मनात आणले, म्हणजे घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो : आता या वयात कशाला? प्रश्न गैर नव्हे. बढतीची आशा, नावाला लागणारे ‘डॉक्टर’ हे उपपद, निवृत्तीनंतर महाविद्यालयात शिकविण्याची सोय, ही कारणे खरीच असतात. त्यांत लाजण्यासारखेही काही नाही. तथापि एवढ्या भांडवलावर दिवसाच्या कामानंतरची ही रात्रपाळी वर्षानुवर्षे निभत नाही.

ती निभते कामातूनच उठलेल्या प्रश्नावर. सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातील संत्र्याचेच पाहावे. बागाईतदार पुष्कळदा फळ झाडावर असतानाच बागेचा उक्ता सौदा करतो. पुढे भाव पडला तर तोटा व्यापाऱ्याचा, चढला तर नफाही त्याचाच. कर्ज देणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याला हा व्यवहार दर हंगामात दिसतो. मग व्यापाऱ्याने उचललेल्या जोखमीची वाजवी किंमत किती? अनुभवी माणूस अंदाज सांगेल. परंतु अनेक हंगामांच्या नोंदी जुळवून तो पडताळलेला नसतो. अंदाज आणि पडताळा यांतील अंतर तोडणे, हेच संशोधन होय.

नोकरी आणि प्रबंध यांची ओढाताण जुनीच आहे. डॉ. आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० मध्ये ती नोकरी सोडून ते लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. विषय अर्थशास्त्राचा, व्यवसायाचा नव्हे. पण पुढे भारतीय चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा हाच अभ्यास त्यांच्या पाठीशी होता.

आज नोकरी सोडावीच लागते असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत अंशकालीन पीएच. डी. ची सोय आहे. मालकाचे ना-हरकत पत्र मात्र हवे, आणि संशोधनास पुरेसा वेळ मिळेल असे त्यात नमूद असावे लागते. मुदत किमान ३ वर्षे, साधारण मर्यादा ६ वर्षे. नागपूर जवळ आहे. छिंदवाड्यासही २०१९ पासून विद्यापीठ आहे. घरबसल्या पदवी देऊ करणाऱ्या संस्थांची मान्यता पैसे भरण्यापूर्वीच तपासावी.

खरी अडचण पुढची. ज्याच्या वहीत जुने भाव आहेत, तो व्यापारी वही दाखवील काय, हे विषय नोंदविण्यापूर्वीच विचारून ठेवलेले बरे.