दुसरी सही
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आपण पोट दुखेस्तोवर हसलो. आता संयोजकांचा आग्रह आहे की मी माझ्या नोकरीतलं काही सांगावं. माझी सारी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. पण मी आज बोलणार आहे ते आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या हेलिकॉप्टरबद्दल.

महागाव तालुक्यातलं फुलसावंगी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिथला शेख इस्माईल हा चोवीस वर्षांचा वेल्डर, शिक्षण आठवीपर्यंत. कपाटं, कुलर बनवणाऱ्या या पोरानं दोनेक वर्षं खपून, मारुती ८०० चं इंजिन बसवून एका माणसापुरतं हेलिकॉप्टर उभं केलं. त्या हेलिकॉप्टरचं नाव 'मुन्ना हेलिकॉप्टर'. १५ ऑगस्टला ते सगळ्यांना दाखवायचं त्याच्या मनात होतं. पण १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री, जमिनीवर चाचणी चालू असताना शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं आणि वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं. मोठ्या पंख्याचा घाव त्याच्या डोक्यावर बसला. त्यात तो गेला.

बातमी वाचून कोणी म्हणालं, नसता उद्योग. कोणी म्हणालं, शिकला असता तर कुठल्या कुठे पोचला असता. एवढ्यावर विषय संपवणं मला जमलं नाही.

डोक्यावरचा पंखा एका दिशेनं फिरला की हेलिकॉप्टरचं धड उलट दिशेला गरगरू पाहतं. ते रोखायला शेपटीवर छोटा पंखा असतो. तो दिसायला लहान, पण मोठ्या पंख्यापेक्षा कितीतरी जास्त वेगानं फिरतो. पात्यांच्या वजनात थोडा फरक राहिला तरी यंत्र थरथरतं, आणि सततच्या थरथरीनं धातू थकतो. आधी केसाएवढी चीर पडते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही त्या भागावर रंगीत द्रव लावतो, पुसून काढतो आणि वर पांढरी पावडर मारतो. चीर असेल तर आत मुरलेला रंग पावडरीवर उमटतो. नवं यंत्र पहिल्यांदा चालवताना ते जमिनीला जखडतात, आणि पंखे ज्या रेषेत फिरतात त्या रेषेत कोणाला उभं राहू देत नाहीत.

यातलं काहीच अवघड नाही. पण गावातल्या एकट्या कारागिराला हे सांगणार कोण, आणि त्याचं काम तपासून देणार कोण?

आणि परवाने, कागदपत्रं असली म्हणजे भागलं, असंही समजू नका. १९ डिसेंबर २००५ ला अमेरिकेतल्या मायामीहून एक लहान समुद्री विमान निघालं. विमान १९४७ सालचं. उडाल्यावर थोड्याच वेळात त्याचा उजवा पंख तुटला. आतले वीसच्या वीस जण गेले. पंखात धातूच्या थकव्याची चीर होती. इंधन गळत होतं, म्हणजे विमान एक प्रकारे सांगत होतं. दुरुस्त्याही झाल्या होत्या, पण त्या वरवरच्या. मूळ दुखणं तसंच राहिलं.

आमच्या कामात एक नियम आहे. विमानाच्या नियंत्रणाच्या भागाला हात लावला, तर ते काम दुसऱ्या जाणकारानं स्वतंत्रपणे तपासायचं. एकाची सही, मग दुसऱ्याची. दोन्ही झाल्याशिवाय विमान हलत नाही. नव्यानं आलेल्या पोरांना याचा राग येतो. 'माझ्यावर भरवसा नाही का?' असं विचारतात. मी त्यांना सांगतो, भरवसा आहे रे, पण ज्यानं काम केलं त्याला आपण काय करायला निघालो होतो तेच दिसतं. प्रत्यक्षात काय झालंय ते दुसऱ्याला आधी दिसतं. गुरुजनहो, उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही आमच्या गणिताच्या पायऱ्या तपासायचात, ते याचसाठी असावं.

म्हणून या मेळाव्यापुढे एक सूचना ठेवतो. आपल्यात इंजिनियर आहेत, आयटीआयला शिकवणारे आहेत, गॅरेज चालवणारे आहेत. शाळेच्या मुलांसाठी दर शनिवारी एक कार्यशाळा सुरू करू. शाळा सोडलेल्या मुलांनाही तिथे येऊ द्यायचं. फवारणीचा पंप असो की उडणारं यंत्र, जे सुचेल ते त्यांनी करावं. नियम एकच, दुसऱ्याची सही झाल्याशिवाय कळ दाबायची नाही.

महिन्यातले दोन शनिवार माझे. बाकीच्या दोघांसाठी नावं आजच, जेवणाआधी लिहून द्या.