हिवाळ्यातील अंडे



वसंतात भरणाऱ्या व्याख्यानमालेत हिवाळ्याचा विषय, आणि तोही कोंबडीचा, हे पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आम्ही हा विषय मुद्दाम याच दिवसांत मांडीत आहोत. मार्गशीर्ष-पौषात ज्या घराला अंडी हवी असतील, त्या घराने तयारीला चैत्र-वैशाखातच लागले पाहिजे. ते का, हे ओघाने शेवटी येईलच.

प्रथम प्रश्न काय आहे ते पाहू. आम्ही मोठ्या कारखानदारी कुक्कुटपालनाबद्दल बोलत नाही. परसात आठ-दहा कोंबड्या, एक कोंबडा आणि भिंतीला टेकून एक खुराडे, एवढाच आमचा पसारा आहे. आपल्या देशावरच्या खेड्यांत असा पसारा आजही पुष्कळ घरांतून दिसतो. दिवाळी उलटली की या कोंबड्यांची अंडी कमी होऊ लागतात आणि पौषात तर कित्येक खुराड्यांत आठ-आठ दिवस अंडे दिसत नाही. नेमक्या याच दिवसांत अंड्याला मागणी असते आणि भावही चढा असतो. मग दाराशी कोंबड्या विकत घेणारा येतो, "ही आता नुसती खायला काळ आहे" असे म्हणत ती उचलतो, आणि पडेल त्या भावात घेऊन जातो.

यात गेले ते केवळ एक पाखरू नव्हे. शेताचे पैसे, दुधाचे पैसे घरातल्या पुरुषांच्या हिशेबात जमा होतात; अंड्यांचे चार पैसे मात्र बहुतेक घरांत बाईच्या हातचे असतात. मुलाची वही, लेकीची रिबीन, दवाखान्याला जायचे एस. टी. चे भाडे या गोष्टी ती त्यातून कोणाला न विचारता भागवते. हिवाळ्यात कोंबडी थांबली म्हणजे ही मोकळीकही थांबते. म्हणून कोंबडी का थांबते, याचे खरे कारण शोधणे अगत्याचे आहे. कारण चुकले की उपायही चुकतो.

सर्वसाधारण समजूत अशी, की थंडीने अंडी बंद होतात. ही समजूत पुरती खरी नाही. १९२४-२५ च्या हिवाळ्यात कॅनडामध्ये विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकांनी जंको जातीची रानपाखरे उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवली. तिथला पारा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेलेला. काही पिंजऱ्यांत त्यांनी विजेचे दिवे लावून दिवस रोज थोडा थोडा लांबविला. थंडी दोघांनाही सारखीच. परंतु ज्यांना उजेड जास्त मिळाला, त्यांची जननेंद्रिये भर हिवाळ्यात वसंतासारखी वाढीस लागली. पुढे १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखविले, की या कामी उजेड केवळ डोळ्यांवाटे जातो असे नाही. तो पाखराच्या पातळ कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. दिवस मोठा होत चालला आहे असे मेंदूला कळले, की तो अंडाशयाला हुकूम सोडतो. दिवस लहान होऊ लागला, की हुकूम मागे घेतला जातो. पिल्ले उन्हाउजेडात, चाऱ्याच्या दिवसांत वाढावीत म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे.

आता आपल्याकडचा हिशेब पाहू. लंडनला डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. पुण्याला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, आणि सर्वांत मोठा तेरा तासांहून थोडा अधिक. म्हणजे आकाशाने आपल्यावर फारसा अन्याय केलेला नाही. मग आपली कोंबडी इतकी का थांबते? याचे एक कारण आपल्याच घरात आहे. सायंकाळी पाचालाच, मांजराच्या आणि मुंगसाच्या भीतीने, आपण कोंबड्या खुराड्यात कोंडतो. सकाळी थंडी म्हणून आपणही उशिरा उठतो आणि खुराड्याचे दार आठाच्या सुमारास उघडतो. खुराडे बहुधा दगडमातीचे, त्याला फटसुद्धा नसते. म्हणजे आकाशात दिवस अकरा तासांचा, पण कोंबडीच्या वाट्याला आला नऊच तासांचा! कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. जगाच्या बाबतीत ती खरीच आहे. पण झाकलेल्या कोंबडीपुरते बोलायचे, तर तिचे तांबडे फुटायचे राहतेच.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा. खुराड्याच्या पूर्वेकडील भिंतीला हातभर रुंदीची खिडकी पाडावी आणि तिला बारीक छिद्रांची भक्कम जाळी लावावी. भिंतींना आतून चुना द्यावा. पांढऱ्या भिंतीमुळे थोडाही उजेड दुप्पट वाटतो. दार उजाडताच उघडावे. एवढ्याने दीड-दोन तासांची भर पडते. याउपर ज्यांच्याकडे वीज आहे त्यांनी पहाटे एक लहान दिवा लावावा. आत वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरे. दर आठवड्याला अर्धा तास वाढवीत एकंदर उजेड चौदा तासांवर न्यावा आणि तिथे स्थिर ठेवावा. दिवा पहाटे लावावा असे आम्ही म्हणतो, कारण रात्री तो एकाएकी मालवला तर कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात सापडतात. मात्र दोन पथ्ये पाळावीत. एक, आज लावला, उद्या विसरला, असे करू नये. चढउताराने पाखरू गोंधळते. दुसरे, पाच महिन्यांच्या आतल्या तलंगांना हा वाढीव उजेड देऊ नये. अंग भरण्याआधीच त्या अंड्यावर येतात, अंडी बारीक घालतात आणि अंडे घालताना त्यांना इजा होण्याचा संभव असतो.

परंतु उजेड म्हणजे नुसता हुकूम. हुकूम पाळायला माल हवा, आणि तो अन्नातून येतो. एका मध्यम अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि त्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम. पावसाळ्यात कोंबडी उकिरडा उकरून किडे, गांडुळे, कोवळा पाला मिळवते. प्रथिनांची गरज तिथे परस्पर भागते. मार्गशीर्षात जमीन वाळते, किडे दिसेनासे होतात. खळ्यावर बाजरीचे दाणे मात्र मुबलक सांडलेले असतात. त्यामुळे कोंबडी टंच दिसते, आणि आपण समजतो की तिला काही कमी नाही. वस्तुतः त्या दाण्यांनी तिचे पोट भरते, पण अंडे भरत नाही.

म्हणून सायंकाळी कोंबड्या परतल्या, की दर पाखरामागे मूठभर पूरक खाद्य द्यावे. दहा भाग धरले तर सहा भाग भरडलेला मका किंवा ज्वारी, दोन भाग शेंगदाण्याची पेंड, एक भाग कोंडा आणि एक भाग सुकटीचा भुगा. सुकट खारवलेली असेल तर धुऊन वाळवून घ्यावी. पेंड घेताना वास घेऊन पाहावी. बुरसलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी एकाएकी मेले, आणि त्याचे मूळ शेवटी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले. त्या बुरशीच्या विषाला आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा, किंवा घरातलीच अंड्यांची टरफले भाजून कुटून, करवंटीत वेगळी ठेवावीत. कोंबडी आपल्या गरजेपुरती टिपते. शेवग्याचा पाला, मेथीचे देठ, लसूणघास यांपैकी काहीतरी हिरवे रोज असावे. आणि पाणी विसरू नये. अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पहाटेचे गारठलेले पाणी कोंबडी कमी पिते. ते ओतून कोमट पाणी ठेवले, तर त्याला खर्च काय येतो?

याचा अर्थ थंडीची काळजीच नको, असा नव्हे. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, हे आपण वाचतोच. परंतु कोंबडीच्या अंगावर पिसांची दुलई असते. तिला बाधते ती ओल आणि अंगावर येणारा झोत. वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाट सोडावे, पण छताखालची झडप उघडी ठेवावी. खाली भाताच्या तुसाची चार बोटे गादी करावी आणि ती कोरडी राखावी. बंद खुराड्यात शेगडी मात्र कधीही ठेवू नये. त्या धुराने सकाळी सगळी पाखरे मेलेली आढळतात, आणि दोष दिला जातो थंडीला.

इतके करूनही काही कोंबड्या अंडी देणार नाहीत. इथेच खरी पारख लागते. वर्ष-दीड वर्ष उलटलेली कोंबडी दिवस लहान होऊ लागले की पिसे झाडते. नवे पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. अंगावरची सारी पिसे नव्याने घडवायची आणि शिवाय अंडीही घालायची, ही दोन्ही कामे एका वेळी तिला झेपत नाहीत. ती दोन-तीन महिने थांबते. ही विश्रांती तिला द्यावी, आणि या काळात खाद्य कमी न करता उलट चांगले द्यावे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की जी कोंबडी उशिरा पिसे झाडते आणि एकदम भराभर झाडते, ती बहुधा उत्तम अंडी देणारी असते. जी लवकर सुरुवात करून महिनोन्‌महिने रेंगाळते, ती कमी देणारी. पण ऐन पौषात पिसे झडून बोडकी, ओंगळ दिसणारी कोंबडी असते ती पहिल्या प्रकारची. आणि दारावर आलेल्या माणसाला आपण तीच विकून टाकतो! घरात उरते ती तुकतुकीत पिसांची, पण अंड्याला नाखूश.

म्हणून विकण्याआधी कोंबडी हातात घेऊन पाहावी. तुरा लाल, मऊ आणि भरलेला असेल, आणि मागच्या दोन हाडांच्या टोकांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावत असतील, तर ती अंड्यावर आहे. तुरा आक्रसलेला आणि हाडे जवळ आलेली असतील, तर ती थांबली आहे. मग ती पिसे झाडते आहे काय, ते बघावे. झाडत असेल तर थांबावे. पिसेही झाडत नाही, खुडूकही नाही, अंडेही नाही, आणि दुखणेही दिसत नाही, अशी कोंबडी खुशाल विकावी.

खुडूक कोंबडीची गोष्ट वेगळी. देशी कोंबडी बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, आणि वर्षाला तिची साठ ते ऐंशीच अंडी होतात, याचे मोठे कारण हेच. तिला थंड पाण्यात बुडविणे, नाकपुडीत पीस खुपसणे असले छळ करू नयेत. खालून वारा लागेल अशा फळ्यांच्या पिंजऱ्यात, बसायला मऊ जागा न देता, दाणापाणी घालून तिला तीन-चार दिवस ठेवले, म्हणजे बहुधा खूळ उतरते.

आता आरंभी सोडलेला धागा उचलतो. हिवाळ्यात न थांबता अंडी देणारी कोंबडी कोणती? तर जिची पिसे झाडण्याची वेळ अजून आलेलीच नाही, ती पहिल्या वर्षाची तलंग. देशी तलंग साधारण सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. अंडी उबायला एकवीस दिवस लागतात. आज खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, तर वैशाखाच्या अखेरीस किंवा ज्येष्ठात पिल्ले निघतील आणि ती मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास अंडी देऊ लागतील. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले आणून वाढविली, तरी हिशेब फारसा बदलत नाही. हिवाळ्यातले अंडे वसंतात उबवावे लागते, ते असे.

मात्र उन्हाळ्यात उबवणीची अंडी चार-पाच दिवसांपेक्षा जुनी नसावीत, आणि ती माठाशेजारी गार जागी ठेवावीत. उकाड्यात ठेवलेल्या अंड्यात जीव अर्धवट धरतो आणि मग ते फुकट जाते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस आणि पुढे दोन महिन्यांनी मानमोडीची दुसरी लस टोचून घ्यावी. एका रात्रीत सबंध खुराडे रिकामे करणारा हा रोग आहे, आणि त्यावर औषध नाही, लसच आहे.

कोणी म्हणेल, बाजारात बारमाही अंडी मिळतात, वर्षाला तीनशेवर अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत, मग हा खटाटोप कशाला? त्या कोंबड्या मोजक्या उजेडात, मोजक्या खाद्यावर ठेवलेल्या असतात. आम्ही जे थोडक्यात सांगितले, तेच तिथे पुरेपूर केलेले असते. पण त्या अंड्यांचे पैसे आपल्या परसात येत नाहीत. परसातली कोंबडी हिवाळ्यात आठवड्याला दोन अंडी अधिक देऊ लागली, तर देशाच्या उत्पादनात तो आकडा दिसणारही नाही. मुलाच्या ताटात तो दिसेल, आणि त्याच्या आईच्या पदराच्या गाठीत दिसेल.

तेव्हा आपल्याला आमची विनंती एवढीच. घरी गेल्यावर खुराड्याची एक भिंत पाहा, तिला खिडकी कुठे पडेल ते ठरवा, आणि कोंबडी खुडूक बसली असेल तर तिच्याखाली आजच अंडी ठेवा. बाकीचे पौषात कोंबडीच सांगेल.