वाटलेल्या मिसळीचा तिखटपणा



 या परिषदेच्या अध्यक्षपदावरून मला एका थर्मोकोलच्या डब्याबद्दल बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत तो डबा आला. आत बर्फाचे पाणी झालेले, त्यात तरंगणारी कुपी, कुपीत रक्ताने माखलेला तुकडा. चिठ्ठीवर एकच शब्द : 'हाड'. प्रतिजैविक कधी दिले, तुकडा कधी काढला, हाड वरचे टणक की आतले सच्छिद्र, कशाचाच पत्ता नाही. आम्ही तो दळला, यंत्रावर चढवला आणि औषधाचे प्रमाण दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत कळवून टाकले. त्या दोन अंकांची मला आजही लाज वाटते. यंत्राने चूक केली नव्हती. आकडा कशाचा, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

समजा, मिसळ पुढे आली. मटकी, फरसाण, कांदा, पाव आणि कट, सगळे मिक्सरमधून काढले, चमचाभर चाखले आणि जाहीर केले की कट काही तिखट नाही! ऊतीचा तुकडा वाटून आपण हेच करतो. ऊतीत पेशी असतात, पेशींच्या मधला द्रव असतो आणि रक्तही असते. बहुतेक जंतूंचा मुक्काम त्या मधल्या द्रवात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे पेशींत फारशी शिरत नाहीत, तीही त्याच द्रवात राहतात. ऊतीचा पाचवा हिस्सा असा द्रव आहे आणि त्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅम औषध आहे, असे धरू. वाटल्यावर आकडा उतरतो 2 वर. जंतूला रोखायला 4 लागत असतील, तर अहवाल म्हणेल औषध कमी पडले. प्रत्यक्षात ते अडीचपट होते.

अझिथ्रोमायसिनची गोष्ट उलटी. ते पेशींत साठते. वाटलेल्या ऊतीत आकडा डोळे दिपवणारा, पण पेशीबाहेरच्या जंतूच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. लिजिओनेलासारखा पेशीत घुसणारा जंतू असेल तर तो साठा कामाचा. एरवी तो आकडा फसवा. संशोधक योहान माउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये लेखाच्या मथळ्यातच विचारले होते, की ऊतीतल्या औषधाच्या प्रमाणाबाबत आपण कधी शिकणार आहोत की नाही. प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

मग मोजायचे कसे? मायक्रोडायलिसिसमध्ये टोकाला सूक्ष्म छिद्रांचा पडदा असलेली बारीक नळी ऊतीत बसवतात आणि तिच्यातून मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटर द्रव फिरवतात. प्रथिनांना चिकटलेले औषध त्या छिद्रांतून येत नाही. मोकळे तेवढेच येते, आणि जंतूवर काम करते तेही मोकळेच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा 85 ते 95 टक्के भाग रक्तात प्रथिनांना बांधलेला असतो, हे आठवा म्हणजे या फरकाचे वजन कळेल. शिवाय एकाच रुग्णात तासातासाला मोजता येते. बायोप्सी एका क्षणाचाच हिशेब देते. पण इथेही पथ्य आहे. पडद्यातून औषधाचा किती हिस्सा येतो, हे त्याच रुग्णात, त्याच नळीवर तपासावे लागते. ते टाळले तर सोन्याचा काटा आणूनही वजन अंदाजानेच सांगितल्यासारखे होईल.

वाटण्याऐवजी पाहण्याचीही सोय आता आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या क्षयग्रस्त फुप्फुसांच्या पातळ कापांचे मास स्पेक्ट्रोमेट्रीने काढलेले औषधांचे नकाशे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. रिफाम्पिसिन गाठीच्या मधल्या, चीजसारख्या मृत भागात पोहोचलेले दिसले. मॉक्सिफ्लॉक्सासिन बहुतांशी भोवतालच्या पेशींच्या कड्यातच अडकलेले. तीच गाठ वाटली असती, तर दोन्ही औषधे 'फुप्फुसात पोहोचली' असेच आपण लिहिले असते. क्षयाचे रुग्ण रोज पाहणाऱ्या आपल्या देशाला या भेदाकडे कानाडोळा करणे परवडणारे नाही.

मायक्रोडायलिसिस प्रत्येक तालुक्यात जाणार नाही, हे मी जाणतो. चिठ्ठी मात्र नीट लिहिता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत. औषध दिल्याची आणि नमुना घेतल्याची वेळ. ऊतीचा नेमका भाग. नमुन्यात मिसळलेले रक्त कसे वजा केले. मोजलेले औषध मोकळे की एकूण. नमुना कोणत्या तापमानाला ठेवला. कारण मेरोपेनेमसारखे औषध उणे 20 अंशांतही फार काळ टिकत नाही, त्याला उणे 80 लागते.

हे पाच रकाने प्रत्येक नमुन्यासोबत भरले जावेत, असा ठराव या परिषदेने करावा, ही माझी विनंती. ठराव होईल तेव्हा होईल. आमच्या प्रयोगशाळेपुरते मी आजच सांगतो : रकाने कोरे असतील, तर नमुना परत जाईल. माहीत नसलेल्या गोष्टीचा दोन दशांशांपर्यंतचा आकडा आम्ही आता देणार नाही.